बांधावर दिसेल तो फोन

पोळ्याच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या शिवारात एक दृश्य हमखास दिसतं. गुडघाभर सोयाबीनमध्ये माणूस उभा आणि डोक्यावरचा टॉवेल मोबाइलवर ओढून त्याच्या सावलीत मुंडकं घातलेलं. जुन्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या फडक्यात शिरायचा, अगदी तसं. चालली आहे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ही पद्धत सुरू झाली. आपल्या रानात काय पेरलंय ते सातबाऱ्यावर यायचं तर शेतकऱ्याने स्वतः गटात जाऊन पिकाचा फोटो काढायचा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे ओसरीवर बसून हे काम होत नाही.

आमच्या आबांनाही (म्हणजे चुलत्यांना) मी असंच टॉवेलाखाली गाठलं. फोन जुना नव्हता. आठ जीबी रॅम, पाठीवर तीन कॅमेरे, खोक्यावर सोनेरी अक्षरात पन्नास मेगापिक्सेल. पण भरदुपारी त्या पडद्यावर आबांना फक्त आबाच दिसत होते.

"तुझ्या म्हणण्यानं घेतला ना रं ह्यो? फोन हाय का आरसा?"

गावात मोबाइलमधलं कळणारा म्हणून एक जण ठरलेला असतो. आमच्याकडे तो मी. मी त्या वेळी रॅम पाहिली, कॅमेरा पाहिला, किंमत पाहिली. हा फोन दिवसातला बराचसा वेळ उन्हात वापरला जाणार आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही.

दिव्याच्या उजेडात घरामध्ये साधारण दोनशे-तीनशे लक्स प्रकाश असतो. निरभ्र दुपारी रानात तोच लाखाच्या घरात जातो. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त एलसीडी पडदा चार-पाचशे निट्सच्या आसपास असला की दुकानात छान दिसतो आणि बांधावर विझतो. चांगले अमोलेड पडदे उन्हात हजाराच्या वर जातात. इथे एक गोम आहे. जाहिरातीत तीन हजार, साडेचार हजार असे आकडे येतात ते 'पीक ब्राइटनेस'चे, म्हणजे पडद्याच्या एखाद्या चिमूटभर भागापुरते. अख्खा पडदा किती उजळतो, हा आकडा वेगळा असतो. त्याला बहुधा 'हाय ब्राइटनेस मोड' म्हणतात, आपण विचारायचा तो हाच. बऱ्याच फोनमध्ये हा जादा उजेड ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच मिळतो. बॅटरी वाचवायची म्हणून आबांनी नेमका तोच बंद करून ठेवला होता.

टॉवेलाखाली शिरून कसंबसं पीक निवडलं, तर ॲप म्हणे तुम्ही गटापासून दूर आहात. आबा तर स्वतःच्या सोयाबीनमध्ये उभे. दोष ॲपचा नव्हता, तसा फोनचाही पुरता नव्हता. जागा ओळखायला फोनला उपग्रहांची वेळापत्रकं लागतात. नेटवर्क असेल तर ती इंटरनेटवरून पटकन उतरतात. नसेल तर थेट उपग्रहाकडून घ्यावी लागतात आणि जीपीएसचा उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट्स या गतीने पाठवतो. माहितीचा एक तुकडा यायलाच अर्धा मिनिट जातो. तेवढ्या वेळात आबा बांधापर्यंत जाऊन परत आले होते. अशा वेळी मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं एका जागी उभं राहायचं, मगच ॲप उघडायचं. दोन फ्रिक्वेन्सींवर जीपीएस ऐकणारे फोन जागा अधिक नेमकी धरतात. पण रानात डोक्यावर आभाळ उघडंच असतं, तेवढ्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. शहराच्या उंच इमारतींत डिलिव्हरी करणाऱ्या पोराचं गणित निराळं.

नेटवर्कचं दुखणं मात्र खरं आहे. मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर आलं की जमीन सपाट राहत नाही. उतार, घळी, मधेच एखादी टेकडी. गावात चार काड्या आणि विहिरीवर एकही नाही, हे इथल्या प्रत्येकाने भोगलेलं. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला आणि तेव्हापासून दुकानदाराचं पहिलं वाक्य 'फाइव्ह-जी हाय' हेच असतं. पण सगळं ५जी सारखं नसतं. ३३०० मेगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण लांब जात नाही आणि टेकडीआड पोचत नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर हळू, पण लांबवर जाणारी आणि भिंतीत शिरणारी. २०२२ च्या लिलावात हा ७०० चा पट्टा एकट्या जिओने घेतला. बीएसएनएलचं ४जीही ७०० वर चालतं. म्हणून माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरातली बँडची ओळ वाचायची. ५जीसाठी तिथे एन२८ आणि ४जीसाठी बी२८ आहे का बघायचं. ही ओळ दुकानात कोणी वाचून दाखवत नाही. त्याही आधी एक साधं काम करावं. विहिरीवर, गोठ्यात आणि रानात शेजाऱ्याच्या फोनवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहून यावं. आधी सिम ठरवावं, मग फोन.

चुकीचा फोन निवडला तर काय होतं, याचा राज्यभर गाजलेला दाखला अंगणवाडीताईंचा. सरकारने एक लाखाहून अधिक सेविकांना फोन दिले. रॅम दोन जीबी. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. बालकांची वजनं, उंची, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं त्यात. फोन तापू लागले, अडकू लागले. दुरुस्तीचा खर्च ताईंच्या पदरात आणि ॲप सुरुवातीला इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन पिशव्यांत भरून प्रकल्प कार्यालयांत परत केले. मोबाइल वापसीचं ते आंदोलन आठवत असेल. फोन भंगार होते असं मी म्हणणार नाही. खरेदी झाली तेव्हा कामाचा आकार वेगळा होता, नंतर काम वाढलं आणि फोन तेवढाच राहिला. घरातही हेच होतं. आज फक्त व्हॉट्सॲप आणि कीर्तन, उद्या पोराची ऑनलाइन परीक्षा, परवा कुठलीतरी केवायसी. जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर भरायची वेळ आली, तेव्हा गावातले किती फोन रात्री बारापर्यंत गरगर फिरत होते! सर्व्हरवर ताण होता हे खरं, पण काही फोनमध्ये ॲप उतरवायलाही जागा नव्हती. सगळी जागा 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी व्यापलेली.

त्यामुळे रॅमइतकंच स्टोरेज बघावं. निव्वळ किती जीबी एवढंच नको, प्रकारही बघावा. ईएमएमसी म्हणजे एकेरी रस्ता, एका वेळी एक तर माल आत जाणार नाही तर बाहेर येणार. यूएफएसमध्ये जायला-यायला वेगवेगळ्या वाटा. दोन फोनची किंमत, प्रोसेसर, रॅम सारखी असूनही एक वर्षभरात कुंथायला लागतो आणि दुसरा नाही, याचं कारण बरेचदा इथे असतं. '८ जीबी + ८ जीबी' असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं तर दुसरे आठ सोडून द्यायचे. ती स्टोरेजमधून उसनवारीवर घेतलेली रॅम असते.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांचा फोन. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि उन्हाळा लागता-लागता परततात. उचल उचलल्यावर घरात हमखास नवा फोन येतो. गावी राहिलेली लेकरं आणि फडावरचे आई-बाप यांच्यामध्ये तो एकच दोर. कोपीत (म्हणजे फडावरच्या झोपडीत) वीज नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही तर टपरीवर पाच-दहाजणांचे फोन एका पट्टीला लटकलेले. गेल्या हंगामाहून आलेल्या एका दादांना मी विचारलं, फोनमध्ये काय पाहून घेतलं? म्हणाले, "आवाज. फडात कोयत्याच्या खडखडाटात वाजला तर कळाया पाहिजे." त्यांच्या बायकोने दुसरं सांगितलं. उसाच्या पात्याने आणि कोयत्याच्या मुठीने बोटांची कातडी इतकी घासते की ठशाचं कुलूप उघडत नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर पडद्यात आहे की बाजूला, यावर चर्चा करणाऱ्यांनी हा मुद्दा कुठे मांडलेला मी पाहिला नाही. त्यांच्यासाठी चार आकड्यांचा पिन हीच सोय.

फडावरच्या फोनला मोठी बॅटरी हवी, पाच-सहा हजार एमएएचची. जोडीला बऱ्यापैकी वेगाचा चार्जर, कारण पट्टीवर नंबर लागतो तो तासाभरासाठी. आणि उन्हापासून फोन सांभाळायचा. बहुतेक कंपन्या ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये फोन वापरा म्हणतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढेच असतो. मोटारसायकलच्या हँडलवर लावून उन्हात नेलेल्या आणि तशाच तापलेल्या चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होते. पाण्याचं म्हणाल तर आयपी६८ हा शिक्का स्वच्छ पाण्यातल्या चाचणीचा असतो. विहिरीत पडलेल्या फोनची वॉरंटी बहुतेक कंपन्या धरत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल मी जरा फटकून बोलतो, हे मान्य. पण पाठीवरच्या तीन-चार डोळ्यांपैकी दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो नाही तर डेप्थ कॅमेरा केवळ शोभेला असतो. पन्नास मेगापिक्सेलचा फोन चार-चार बिंदू एकत्र करून एरवी साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. यात लबाडी नाही, अंधारात फोटो त्यानेच बरा येतो. मात्र आकडा पाहून भुलू नये. झूमचं तर विचारूच नका. लिंबागणेशचा गणपती भालचंद्र. शापातून सुटायला चंद्राने इथे तप केलं आणि गणेशाने त्याला कपाळी धरलं, अशी कथा सांगतात. त्या चंद्राचे डागांसकट फोटो काढून देणारे फोन आले आणि मार्च २०२३ मध्ये एकाने गंमत केली. चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकावर लावून त्याने सॅमसंगच्या भारी फोनने त्याचा फोटो काढला. चित्रात नसलेले डाग फोनने स्वतःहून भरले! चंद्र ओळखून फोन तपशील वाढवतो, असा खुलासा कंपनीनेही केला. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात. हा असला चंद्र पाहिला तर आळ येतो की नाही, हे गुरवांनाच विचारावं लागेल.

बारा-पंधरा हजारांत दोन फोन अडून बसले तर मी आता शेवटचा काटा अपडेटवर टाकतो. जुनं अँड्रॉइड राहिलं की आधी बँकेची ॲप रुसतात, मग व्हॉट्सॲप. ते आताच अँड्रॉइड ५ च्या खाली चालत नाही. गुगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षांची हमी दिली, पण ते आपल्या बजेटबाहेरचं. २०२४ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी ए१६ सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं मिळाली, तेव्हा इतरांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही. वर्षं मोजतात ती फोन बाजारात आल्यापासून, आपण घेतल्यापासून नव्हे. सेलमध्ये दीड वर्षांपूर्वीचा फोन स्वस्त मिळतो तेव्हा त्याचं दीड वर्ष आयुष्य आधीच खर्ची पडलेलं असतं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि वारंवार पडूनही फोन किती टिकतो याची श्रेणीही लेबलवर छापायची. आपल्याकडच्या खोक्यावर मेगापिक्सेल.

जुना फोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहायचा आणि केवायएम लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करायचा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं. हप्त्याने घेताना 'बिनव्याजी'च्या शेजारी प्रक्रिया शुल्क किती ते विचारायचं, आणि हप्ता चुकला तर फोन लांबून कुलूपबंद होतो का तेही. काहींचे होतात.

यंदा आबांसोबत पुन्हा बीडला गेलो. दुकानात दोन फोन समोर ठेवले होते. पोरगा कॅमेऱ्यावरून सुरुवात करणार तोच आबांनी दोन्ही फोन उचलले आणि सरळ रस्त्यावर गेले.

"ओ आबा, डेमो पीस हायेत ते!"

बारा वाजलेले. आबा दुभाजकाशेजारी उन्हात उभे, दोन्ही हातांत दोन फोन, तळहातावर वजन करावं तसे. टॉवेल खांद्यावरच होता. पोरगा तारेत अडखळत मागे धावला. दोन मिनिटांनी आबा परतले, उजव्या हातातला काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो." किमतीत बाराशेने जास्त होता, कॅमेरा एकाने कमी.

जुना फोन आता आजीकडे आहे. ती तो देवघराजवळच्या अंधाऱ्या कोनाड्यात टेकवून ठेवते आणि संध्याकाळी कीर्तन लावते. "काय झ्याक दिसतंय रं," म्हणाली, "आबाला कुठं काय कळतंय फोनातलं!"