नरक्या आणि पेशीची आत्महत्या

ताम्हिणीकडच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना अशी घाण येते की नाव सार्थच! पण याच्या खोडामुळांत कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य अमेरिकेत वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं. नरक्यात ते १९७२ मध्ये सापडलं.

आता गंमत बघा. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. धागे उलगडताना पुढे पीळ बसतो, जुन्या टेलिफोनच्या वायरला बसायचा तसा. टोपोआयसोमरेज हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सोडवतं, धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापात पाचरीसारखं अडकतं. नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथे धडकते आणि दोन्ही धागे तुटतात. दुरुस्ती हाताबाहेर गेली, की पेशी स्वतःचीच कॅस्पेज एन्झाइम्स जागी करते. ती आतली प्रथिनं कुरतडून पेशीचा फडशा पाडतात.

कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगतात, म्हणून जास्त मरतात. रक्त बनवणाऱ्या पेशीही सारख्या दुभंगतात, म्हणून रोग्याचे हाल होतात. मूळ द्रव्य तर फारच विषारी; त्यात फेरफार करून टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं १९९०च्या दशकात आली.

याच द्रव्यापायी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड होत आली आहे. नुसता तोडला तर बुंध्यातून फुटतो. मुळासकट उपटला की संपलं.