‘क’ म्हणजे प्लस!

माहीत आहे का? जबलपूरच्या मुलखात सगळ्यात जुना ‘क’ शोधायचा तर गणितातलं अधिकचं चिन्ह शोधायचं. ब्राह्मी लिपीत ‘क’ असाच काढत: एक उभी रेघ, एक आडवी. संपला विषय!

स्पॉट आहे रूपनाथ. पूर्वी जबलपूर जिल्ह्यात, 1998पासून कटनीत. कैमूरच्या डोंगरापायथ्याशी राम, लक्ष्मण, सीता अशी तीन कुंडं, शेजारी महादेव, आणि तिथल्याच एका शिळेवर सम्राट अशोकाचा सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा मेसेज. ‘सेंडर’चं नाव मात्र नाही, फक्त ‘देवानांप्रिय’ ही पदवी!

आता ब्राह्मीची फॅशन परेड. ‘ग’ तंबूसारखा. ‘थ’ म्हणजे वर्तुळात टिंब. ‘ठ’ नुसता गोल, आणि आजही गोलच! बावीसशे वर्षं फिगर राखली आहे पठ्ठ्यानं.

खरी कमाल पुढेच आहे. ‘क’च्या माथ्यावर छोटी रेघ चढली की ‘कि’, पायाशी उतरली की ‘कु’. ओळखलंत ना? आपली बाराखडीच ही! शिरोरेषा तेवढी नव्हती.

जगात सगळीकडे अशी सोय नाही बरं का. अमेरिकेतल्या सिक्वोया यांनी 1821च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी घडवली. तीत एका उच्चारखंडाला एक चिन्ह, अशी 85 चिन्हं. ‘ग’, ‘गे’, ‘गी’ यांचे तोंडवळे एकमेकांशी जुळतच नाहीत. मात्रा नाही, वेलांटी नाही, सगळं पाठ! तरीही 1828मध्ये चेरोकी लोकांचं वर्तमानपत्र या लिपीत छापून निघालं. सलाम!

आणि जपान? तिथल्या ‘काना’ लिपीचा तक्ता म्हणून बघा: अ, का, सा, ता, ना... हा क्रम थेट संस्कृत वर्णमालेच्या वळणावर गेला आहे.

रूपनाथला परत या. शिळेवर 256 हा आकडाही आहे, पण शून्याची स्थानपद्धत यायच्या आधीचा. म्हणून 200चं एक चिन्ह, 50चं दुसरं, 6चं तिसरं!

बोनस हवाय? जबलपूरजवळच्या भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर कलचुरी काळातलं, दहाव्या शतकातलं. नावात 64, योगिनींच्या जागा मात्र 81! बहुतेक मूर्तींच्या पीठावर त्यांची नावं कोरलेली आहेत, तीही नागरीत.

तेव्हा भेडाघाटच्या धुआंधार धबधब्यावर सेल्फी काढून लगेच परतू नका. मंदिराच्या पायऱ्या चढा, योगिनींच्या पायाशी वाका आणि एक तरी नाव अक्षर-अक्षर लावून वाचा.