पाऊण मीटरच्या पॅराशूटवर जीव

पुण्याच्या शीतल राणे-महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडात सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. चर्चा झाली ती नऊवारीची! पण अशा उडीत जीव अवलंबून असतो तो पायलट च्यूटवर, म्हणजे साधारण पाऊण मीटर व्यासाच्या छोट्या पॅराशूटवर. ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येताना ते हाताने वाऱ्यात सोडतात. त्यात हवा भरते, त्याला जोडलेली पट्टी ताणली जाते, पाठीवरच्या पिशवीची पिन निघते आणि मोठे पॅराशूट बाहेर ओढले जाते.

उसवलेली शिवण किंवा विरलेली जाळी जळगाव-धुळ्याचा कोणताही शिंपी दाखवून देईल. फसवते ती आतली दोरी. मोठे पॅराशूट उघडल्यावर छोटे मिटावे, यासाठी ती पट्टीच्या पोकळीतून ओवलेली असते. दर उडीत ती घासते, तापते. स्पेक्ट्राचा धागा मजबूत खरा, पण उष्णतेने आखडतो. मग छोट्या पॅराशूटचा माथा आत ओढलेलाच राहतो, हवा पुरेशी भरत नाही आणि पिन निघायला उशीर होतो. कधी ती निघतच नाही. पाच सेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे ९०० फूट.

घडी घालण्यापूर्वी ही दोरी ओढून ठेवावी लागते. ती ओढली आहे की नाही, हे पट्टीवरच्या खिडकीतल्या रंगावरून कळते. दोरी आखडली आहे का, हे कळत नाही. त्यासाठी तपासनीस माथा आणि पट्टी धरून पॅराशूट ताणतो. कापडाआधी दोरीच ताठ झाली, तर ती बदलेपर्यंत उडी नाही.