नानकटाईची भट्टी आणि शिळा ऊस



दिवाळी तोंडावर आली की कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या बेकऱ्यांकडे घरोघरचे डबे निघतात. मैदा, पिठीसाखर, तूप आपले; भट्टी बेकरीची. पांढरट गोळे पत्र्यावर मांडून आत जातात आणि थोड्या वेळात तांबूस, तडकलेली, खुसखुशीत नानकटाई बाहेर येते. आता तुम्ही म्हणाल, ऊसवाल्यांना याचं काय? पण या बदलात मोठा वाटा आपल्या साखरेचा आहे, म्हणून हा विषय घेतला.

भट्टीत पहिलं काम तुपाचं. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला तूप पातळ होते आणि गोळा सैल होऊन पसरतो. तूप जादा पडले की नानकटाई चपटी होते ती यामुळेच. तूप मैद्याच्या कणांना वेढून राहते, त्यामुळे चपातीच्या कणकेसारखा चिवटपणा येत नाही, खुसखुशीतपणा येतो.

दुसरं काम सोड्याचं. उष्णतेने सोडा फुटतो, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि गोळा फुगतो. वरचा थर तोवर वाळलेला असतो. आतला वायू व वाफ त्याला ढकलतात आणि तडे पडतात.

तिसरं काम साखरेचं. पिठातल्या थोड्या ओलाव्यात काही साखर विरघळते आणि निवताना पुन्हा घट्ट होते. म्हणून गरम नानकटाई बोटाला मऊ लागते, गार झाल्यावर कडक होते. जाणता भट्टीवाला दाबून बघत नाही, रंग बघून पत्रा काढतो.

हा रंग येतो कसा? पृष्ठभागावरचे पाणी उडून उष्णता १४० अंशांच्या पुढे गेली की मैद्यातील प्रथिने आणि साखर यांचा संयोग झपाट्याने होतो. त्यातूनच रंग आणि खमंग वास येतो. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. गंमत अशी की आपली पांढरी साखर, म्हणजे सुक्रोज, यात थेट भाग घेत नाही. ती आधी मोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हावे लागते. गुळात या मोडलेल्या साखरा आधीपासूनच असतात. म्हणून गुळाची नानकटाई लवकर काळवंडते आणि हवेतला ओलावा ओढून मऊ पडते. गुळाची करायची तर आच मंद ठेवावी, डबा घट्ट लावावा.

आता मुद्द्याची गोष्ट. साखरेची हीच मोडतोड तोडलेल्या उसात विस्तवाशिवाय होते. ऊस तुटला की त्यातले विकर आणि कापावरून शिरलेले जंतू सुक्रोज मोडू लागतात. उन्हात पडलेल्या आणि जळीत उसात हे काम जोरात चालते. मोडलेल्या साखरेचे दाणे बांधत नाहीत; ती मळीत जाते आणि उतारा घटतो. वर ऊस वाळून वजन घटते ते वेगळेच. गुऱ्हाळावर अशा उसाचा गूळ काळसर होतो, ढेप नीट धरत नाही. गुळव्याला विचारा, तो रस उकळतानाच सांगेल.

तेव्हा तोडीची पाळी आल्याशिवाय कोयता लावू नका. ऊस पेटवू नका. वाडे, पाचट, माती काढून मोळी बांधा आणि तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळपाला जाईल असे बघा. वाहने गव्हाणीपुढे खोळंबू नयेत, हे बघणे आमच्या शेती विभागाचे काम आहे. गाडी अडली तर गट ऑफिसला लगेच कळवा.

साखर मोडायचीच असेल तर ती नानकटाईच्या पत्र्यावर मोडू दे, फडात नको.