भूखंडांच्या नियमांची अदृश्य भिंत

सधन वस्तीत परवडणाऱ्या घरांना विरोध का होतो, याचे उत्तर बरेचसे भू-वापराच्या नियमांत, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या स्थानिक तरतुदींत सापडते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल येथे निवासी जमिनीवर केवळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांनाच मुभा होती. अशा घराला मोठा भूखंड लागे म्हणून ते महाग, आणि त्यामुळे कमी उत्पन्नाची कुटुंबे आपोआप बाहेर राहत. घर हीच आयुष्याची पुंजी असल्याने तिची किंमत घसरण्याची धास्ती रहिवाशांना असते, तर बाहेरच्या गरजूंना तेथे मतच नसते. एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय रहिवासी महिलेच्या लढ्यानंतर १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधने घटनाबाह्य ठरवली, तरी लॉरेन्स यांच्या नावाची परवडणाऱ्या घरांची वसाहत उभी राहण्यास आणखी सुमारे पंचवीस वर्षे लागली, हा विलंब अन्यायकारकच होता. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांना शेजारच्या घरांच्या किमतींवर किंवा गुन्ह्यांवर या वसाहतीचा प्रतिकूल परिणाम आढळला नाही.