वीजबचतीची सुरुवात छतापासून

शहर ऊर्जाकार्यक्षम करणे म्हणजे कमी विजेत तेवढाच गारवा, उजेड आणि पाणी मिळवणे. या विषयावरची बहुतेक चर्चा महानगरांतील काचेच्या इमारतींभोवती फिरते. परंतु हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या, खेडे आणि शहर यांच्या मधल्या गावांत आज जी घरे उभी राहत आहेत ती पुढची कित्येक दशके वापरात राहणार असल्यामुळे, खरा निर्णय तिथे आणि आत्ताच होत आहे.

हा भाग साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर येतो. त्यामुळे ऐन मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पडत नसताना छत मात्र दिवसभर तापते. जुन्या मराठवाड्याने याला माळवदाचे उत्तर शोधले होते. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशा या छतातून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होत असे. पत्रा ही सोय देत नाही, आणि उघडा स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता नेमकी झोपण्याच्या वेळी खोलीत सोडतो.

म्हणून सरसकट माळवदाकडे परतावे, असे मात्र म्हणता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि हिंगोली जिल्ह्यालाही 2024 च्या मार्च व जुलै महिन्यांत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा माळवदाचा गुण हवा आणि त्याचे ओझे नको, हाच खरा प्रश्न आहे.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त त्याचे मोजमाप सापडते. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता झिरपू नये, असे ही संहिता सांगते, आणि उघड्या स्लॅबमधून याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत येते. स्लॅबवर उष्णतारोधक हलका थर आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले की हा फरक बराच भरून निघतो. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही त्याने दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात फिरवला तरी बरेचसे ऊन परत फेकले जाते. पत्र्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. नवा पत्रा चकाकतो खरा, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे परत सोडण्यात तो फार कमी पडतो, आणि ही उणीव पांढरा रंग दूर करतो.

हे काम एकट्यादुकट्या घराने करून भागत नाही. सगळ्या वस्तीची छते संध्याकाळी एकदम तापलेली असली की पंखे आणि कूलर एकदम चालतात, रोहित्रावर भार येतो आणि वीज जाते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे पॅनेल मोलाचे आहेत, त्यांच्या सावलीने छतही थोडे गार राहते, पण सूर्य मावळल्यावर ते वीज देत नाहीत. म्हणून गार छताला सौरऊर्जेच्या आधीचा मान द्यायला हवा. जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा 28 ते 35 वॅटमध्ये तितकाच वारा देतो. घर आधीच गार असेल तर तो पुरेसा ठरतो, आणि कूलरसाठी लागणारे पाणीही वाचते, ज्याची मराठवाड्यात मे महिन्यात विजेइतकीच चणचण असते.

गावठाणातील बांधकामाला परवानगी देताना पांढऱ्या छताची आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली देणाऱ्या झाडाची अट ग्रामपंचायतीने घातली, तर घरमालकाचा खर्च फारसा वाढत नाही. सुरुवात अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य केंद्र यांच्या छतांपासून करावी, कारण उन्हाचा ताप सर्वाधिक सोसणारी लहान मुले आणि आजारी माणसे तिथेच असतात.