इस्फहानचे मनोरे आणि मोहोळच्या रानातली मेंढरं

रब्बीची ज्वारी निघाली की मोहोळ तालुक्यातल्या काळ्या रानांत मेंढरं बसू लागतात. दिवसभर माळावर, बांधाकडेने, सीनेच्या काठाने चरलेला कळप रात्री कुणाच्या तरी वावरात वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कोंडला जातो. दुसऱ्या रात्री वाघूर शेजारच्या पट्ट्यात सरकते. मेंढक्याला धान्य किंवा रोख पैसे मिळतात. शेतकरी यात नेमके काय विकत घेतो? मैलोन् मैल विखुरलेल्या गवतातले नत्र, स्फुरद आणि पालाश, तेही आपल्या बांधाच्या आत गोळा होऊन आलेले.

इराणमधल्या इस्फहानच्या शेतकऱ्यांनी हेच काम कबुतरांकडून करून घेतले. झायंदेरूद नदीच्या खोऱ्यात त्यांनी कबुतरांसाठी प्रचंड मनोरे बांधले. असे तीन हजारांहून अधिक मनोरे शहराच्या आसपास असल्याची नोंद 17व्या शतकात फ्रेंच प्रवासी जाँ शार्दां याने केली आहे. हे पक्षी मांसासाठी पाळलेले नव्हते. रानात दाणे टिपून यावेत आणि मनोऱ्यात खत टाकावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. ते खत मुख्यतः खरबुजांच्या वाड्यांना जाई. कातडी कमावण्यासाठीही विष्ठा वापरत.

या इमारतींची रचना पाहण्यासारखी आहे. कच्च्या विटांची जाड गोल भिंत, मोठ्या मनोऱ्यांत तिच्या पोटात आणखी उंच गेलेली दुसरी गोल भिंत, आणि दोहोंना धरून ठेवणाऱ्या आडभिंती व कमानी. ज्या मुलखात लाकूड दुर्मीळ, तिथे मातीवरच सगळा भार. आतल्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत छोटे कोनाडे असत. मोठ्या मनोऱ्यात ते हजारोंच्या संख्येने. माथ्यावरच्या बुरुजांना कबुतर शिरेल एवढीच भोके ठेवत, म्हणजे ससाणा बाहेरच राही. बाहेरून गुळगुळीत गिलाव्याचा पट्टा फिरवत. त्यावरून साप घसरे. खालचे दार वर्षातून एकदा, खत काढायलाच उघडे.

आता यातले रसायन. गाईम्हशीचे मूत्र गोठ्यात जिरून जाते आणि त्याबरोबर बरेच नत्रही. पक्ष्यांची लघवी वेगळी नसते; विष्ठेवर दिसणारा पांढरा थर म्हणजे युरिक आम्ल, आणि त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा नत्राचा असतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. ओल मिळाली तरच जिवाणू त्याचे विघटन करतात आणि नत्र अमोनिया होऊन उडू लागते. मनोऱ्यात सावली आणि कोरडेपणा दोन्ही असल्याने वर्षभराचे खत टिकून राही. कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. सुक्या कबुतरखतात त्याच्या कित्येक पट.

पुढे 1913 साली जर्मनीत ओपाऊ येथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू झाला. 20व्या शतकात अशा अमोनियापासून बनलेले रासायनिक खत इराणच्या शेतापर्यंत पोचले आणि मनोरे ओस पडत गेले. आता उरलेले काही जतन केलेले आहेत, पुष्कळसे ढासळले.

मोहोळला असा मनोरा बांधावा असे मी मुळीच म्हणणार नाही. आपला पावसाळा इस्फहानपेक्षा कितीतरी ओला, आणि विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक. शिवाय मेंढरांची पद्धत एका बाबतीत सरस आहे: खत वाहून न्यावे लागत नाही, लेंड्यांबरोबर मूत्रही थेट मातीत जाते. ज्या मोहोळमध्ये मालदांडी 35-1 ही ज्वारी निवडली गेली, तिथल्या कोरडवाहू जमिनींना नत्राइतकीच सेंद्रिय कर्बाची गरज आहे, आणि युरियाच्या पोत्यातून जमिनीला तो मिळत नाही.

मात्र मेंढरं उठल्यावर रान उन्हात उघडे टाकू नका. मूत्रातले नत्र अमोनिया होऊन लवकर उडते, म्हणून त्याच दिवशी कुळवाची पाळी घालून खत मातीआड करा. आणि कळप वाटेवर असेल तर मेंढक्याला वेळेत निरोप धाडा.